लूप हॅबिट ट्रॅकर: एका खाड्याने शून्यावर न आणणारं ॲप

माझं काम फिजिओथेरपीचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, खांदा आखडलेले, पक्षाघातातून सावरणारे लोक माझ्याकडे येतात. माझ्यासमोर व्यायाम सगळेच नीट करतात. प्रश्न घरचा असतो. आठवड्यातले दोन-तीन तास माझ्या हातात, उरलेला सगळा आठवडा पेशंटच्या हातात, आणि गुडघा किती वाकणार हे त्या उरलेल्या वेळात ठरतं. त्यामुळे रोजच्या लहान कामांची नोंद ठेवणारी ॲप्स हा माझ्यासाठी कामाचा विषय आहे. अशी बरीच ॲप्स पेशंटच्या फोनमध्ये पाहिली, काही स्वतः वापरली, आणि आता कुणी विचारलं की एकच नाव सांगते: लूप हॅबिट ट्रॅकर.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे कुणाचा वेळ जायला नको. हे ॲप फक्त अँड्रॉइडवर आहे. आयफोनवाल्यांना पुढचं वाचून उपयोग झाला तर तो विचारांचा होईल, ॲपचा नाही. गूगल प्लेवर मिळतं, एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲप्सच्या दुकानातही मिळतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, इंटरनेट बंद असलं तरी चालतं. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. या शेवटच्या गोष्टीमुळे मला त्यातला टक्क्यांचा हिशोब नेमका कसा होतो हे कळलं, आणि माझं मत त्या हिशोबामुळेच पक्कं झालं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

ॲप उघडलं की साधी यादी दिसते. डावीकडे सवयीचं नाव आणि त्याच्या शेजारी एक लहान वर्तुळ, उजवीकडे गेल्या काही दिवसांचे रकाने. केलं त्या दिवशी टिक. नवी सवय टाकताना दोन प्रकार विचारतात: होय-नाही स्वरूपाची, किंवा आकड्यात मोजायची. मग नाव, एक प्रश्न, किती वेळा करायचं ते, आठवणीची वेळ आणि रंग. यातली प्रश्नाची जागा बहुतेक जण रिकामी सोडतात. मी सोडू देत नाही. आठवण येते तेव्हा हाच प्रश्न समोर येतो, म्हणून तो पेशंटने स्वतःच्या शब्दांत लिहावा असा माझा आग्रह असतो. ‘क्वाड्रिसेप्स व्यायाम’ हे नाव मी दिलेलं असतं. ‘आज मांडी दहा वेळा आवळली का?’ हा प्रश्न त्यांचा असतो आणि त्याचं उत्तर देताना कुणाला अडखळावं लागत नाही. सगळं देवनागरीत लिहिता येतं.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक सवयींच्या ॲपमध्ये सगळा भर सलग दिवसांच्या साखळीवर असतो. आज इतके दिवस झाले, उद्या एक वाढेल, चुकलात तर शून्य. पहिल्या काही आठवड्यांत हे जोरदार चालतं. साखळी मोडू नये म्हणून लोक रात्री उशिरा उठून व्यायाम करतात. पण माझ्याकडे येणारी माणसं आजारी असतात, थकलेली असतात, त्यांच्या घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतात. खाडा पडणारच. आणि तो पडला की साखळीवाल्या ॲपमध्ये जे होतं ते मी फार जवळून पाहिलं आहे.

आखडलेल्या खांद्याच्या एक बाई होत्या. फ्रोझन शोल्डर हे दुखणं चिवट असतं, पूर्ण सुटायला वर्ष, कधी दोन वर्षंही जातात. त्या भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम रोज न चुकता करायच्या आणि एका साखळीवाल्या ॲपमध्ये नोंदवायच्या. मग ताप आला, तीन-चार दिवस अंथरुणात गेले. बरं वाटल्यावर ॲप उघडलं तर समोर मोठं शून्य. त्यांनी ॲप काढून टाकलं आणि त्यासोबत व्यायामही थांबला. मला हे कळलं ते पुढच्या वेळी हाताचा कोन मोजताना. ताप येण्याआधी त्यांनी जे काही अंश कमावले होते त्यातले बहुतेक तापानंतरही शाबूत होते, हे मी त्यांच्या आधीच्या नोंदीवरून त्यांना दाखवलं. खांदा शून्यावर गेलाच नव्हता. शून्य फक्त स्क्रीनवर होतं, आणि विश्वास त्यांनी स्क्रीनवर ठेवला होता. अशा वेळी मला त्या शून्याचा मनापासून राग येतो. महिन्या-दीड महिन्याच्या मेहनतीबद्दल ते धडधडीत खोटं सांगत असतं.

लूपमध्ये सलग दिवसांची नोंद आहे, सगळ्यात लांब सलग काळ कोणता याचा तक्ताही आहे, पण तो आत, तपशिलाच्या पानावर. मुख्य यादीत दिसतं ते वर्तुळ, आणि ते भरतं सवयीच्या बळकटीप्रमाणे, शून्य ते शंभर टक्के. हिशोब असा आहे: रोजच्या सवयीसाठी दर दिवशी कालची टक्केवारी थोडी घटते, साधारण ९५ टक्केच शिल्लक राहते, आणि आज काम केलं असेल तर त्यात पाचेक टक्के मिळवले जातात. ही घट अशी बेतली आहे की शून्यापासून सुरुवात करून १३ दिवस रोज केलं तर आकडा ५० वर येतो. महिनाभर रोज केलं तर ८०, दोन महिन्यांनी ९६, तीन महिन्यांनी ९९.

याचा अर्थ खाड्याच्या दिवशी काय होतो ते बघा. ८० वर असलेल्या माणसाचा एक दिवस चुकला तर तो ७६ च्या आसपास येतो. लागतं, पण कोसळत नाही. ९६ वर असलेल्याचा अख्खा आठवडा बुडाला तर तो ६६ वर येतो. म्हणजे दोन महिन्यांच्या कामातलं दोन तृतीयांश भांडवल हातात असतं. परत आलात आणि आठवडाभर केलंत की पुन्हा ७६-७७. शरीराचंही ढोबळमानाने असंच चालतं. आठवडाभराच्या सुट्टीने स्नायूची सगळी ताकद जात नाही. पेशंटला मी हे आकडे कागदावर लिहून दाखवते, कारण ‘एक दिवस चुकला तर काही बिघडत नाही’ असं तोंडी सांगितलं की ते धीर देण्यापुरतं वाटतं. ७६ हा आकडा पाहिला की पटतं.

आधी भराभर चढणाऱ्या आणि मग मंदावणाऱ्या या टक्केवारीच्या रेषेचा आकार मला आणखी एका कारणाने आवडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला होता, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक साधी गोष्ट निवडली आणि ती १२ आठवडे रोज एकाच प्रसंगाला जोडून केली. ती गोष्ट किती आपोआप होते हे ते रोज नोंदवत होते. आलेख सुरुवातीला झपाट्याने चढला आणि पुढे सपाट होत गेला. त्या सपाटीजवळ पोचायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, पण सगळ्यात लवकर पोचणाऱ्याला १८ आणि सगळ्यात उशिरा पोचणाऱ्याला २५४ दिवस (अभ्यास १२ आठवड्यांचाच होता, त्यामुळे हा आकडा आलेख पुढे वाढवून हिशोबाने काढलेला). व्यायामासारख्या गोष्टींना जास्त वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. २१ दिवसांत सवय लागते असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. बाविसाव्या दिवशीही व्यायाम जिवावर येत असेल तर आपल्यातच काहीतरी कमी आहे अशी समजूत ते करून घेतात. १८ ते २५४ ही दरी एकदा कळली की ती समजूत गळून पडते.

इथे ॲपची एक मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. लॅलीबाईंच्या अभ्यासात मोजलं होतं ते आपोआप होणं. लूप मोजतं ते फक्त किती वेळा केलं. दोन्ही रेषा दिसायला सारख्या असल्या तरी गोष्टी वेगळ्या आहेत. ९९ टक्के दिसायला लागले म्हणून सवय हाडीमाशी खिळली असं समजू नका. ॲपच्या पानावर याचा कुठे इशारा नाही आणि तो असायला हवा होता.

आता त्या भागाकडे येते ज्यात ॲप काहीच मदत करू शकत नाही, आणि जिथे बहुतेक लोक अडकतात: टिक कशाला म्हणायचं हे ठरवणं. नवीन पेशंट ॲप उघडून पहिली सवय लिहितात ती ‘रोज एक तास व्यायाम’. मी ती तिथल्या तिथे पुसायला लावते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्या दिवसांतली टिक अशी असते: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, मांडी घट्ट झाली की पाच सेकंद धरायचं, सोडायचं. दहा वेळा. संपलं, टिक करा. पुढे जास्त करायचं असेल तर करा, मी सांगितलेलं पूर्ण पत्रक तर करायचंच आहे, पण टिक या दहांची. ताप असलेल्या दिवशी, पाहुणे असलेल्या दिवशी, रडू येत असलेल्या दिवशीही जे करता येईल तेवढीच टिकची मर्यादा.

लोकांना हे पोरकट वाटतं. विशेषतः जे लोक आयुष्यभर मोठमोठी कामं करत आले त्यांना. एका निवृत्त इंजिनिअरांनी मला विचारलं होतं, “मॅडम, एवढ्याशा गोष्टीची काय नोंद ठेवायची?” त्यांना मी एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. अल्बर्ट बंडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये तो प्रसिद्ध केला. गणितात फार मागे पडलेली आणि गणिताचा कंटाळा असलेली सात ते दहा वर्षांची मुलं होती. वजाबाकीची ४२ पानं सात बैठकांमध्ये स्वतःच्या गतीने सोडवायची होती. काहींना सुचवलं की दर बैठकीला सहा पानांचं उद्दिष्ट ठेवा. काहींना सुचवलं की सगळ्या बैठका संपेपर्यंत ४२ पानं पूर्ण करण्याचं उद्दिष्ट ठेवा. बेरीज तीच, पानं तीच. सहा पानांवाली मुलं भराभर पुढे गेली, आपल्याला हे जमतं असा त्यांचा विश्वास वाढला आणि ज्या विषयाचा कंटाळा होता त्यात त्यांना गोडी लागली. ४२ पानांच्या उद्दिष्टाचा तसा काही उपयोग झाला नाही.

इंजिनिअरसाहेबांच्या डोक्यात ‘पूर्वीसारखं चालणं’ हे ४२ पानांसारखं उद्दिष्ट होतं. आम्ही त्याचे तुकडे केले. सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण ६० ते ७० अंश वाकावा लागतो, जिन्यासाठी ९० च्या आसपास, खुर्चीतून सहज उठायला त्याहून थोडा जास्त. हे टप्पे वहीत. ॲपमध्ये मात्र अंश नाहीत, फक्त ‘दहा वेळा दाबलं का?’ कारण अंश रोज वाढत नाहीत, कधी सूज आली तर कमीही होतात, आणि ज्याच्यावर आपला ताबा नाही त्याची टिक रोज मागणं म्हणजे माणसाला रोज नापास करणं. जे हातात आहे त्याची टिक रोज, जे परिणामाने येतं त्याचं मोजमाप पंधरा दिवसांनी. एवढा एक भेद पाळला तर या ॲपचा, किंवा कुठल्याही ॲपचा, फायदा होतो असा माझा अनुभव आहे. साहेबांनी पुढे ती दहाची टिक वाढवा म्हणून माझ्याशी भांडण केलं. मी वाढवली नाही, शेजारी दुसरी सवय टाकून दिली.

टिकची गरज कधी सगळ्यात जास्त असते तेही सांगते. स्नायूंच्या व्यायामात पहिले काही आठवडे फसवे असतात. ताकद वाढत असते, पण ती मुख्यतः मज्जातंतू स्नायूला जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायू आकाराने भरलेला दिसायला बरेच आठवडे जावे लागतात. आरशात काही दिसत नाही, टेपने मांडी मोजली तर तेवढीच भरते, दुखणं आहेच. नेमक्या याच काळात लोक सोडून देतात. समोर काहीच नसताना रोज भरत जाणारं ते लहान वर्तुळ हा एकच पुरावा असतो की काल जे केलं ते कुठेतरी जमा झालं. म्हणूनच १३ दिवसांत ५० पर्यंत नेणारी चढण मला योग्य वाटते. सुरुवातीला, जेव्हा शरीर काही दाखवत नाही, तेव्हा आकडा उदार आहे. पुढे शरीर दाखवायला लागतं तेव्हा आकडा हळूहळू पुढे सरकतो, आणि तेव्हा त्याची फारशी गरजही उरलेली नसते.

सेटिंगमधल्या तीन गोष्टी आवर्जून बघाव्यात. एक म्हणजे ‘स्किप’. ती सुरू केली की दिवसावर टिकेऐवजी स्किपची खूण करता येते, त्या दिवशी टक्केवारी घटत नाही आणि सलगपणाही तुटत नाही. सूज वाढली आणि मीच विश्रांती सांगितली, तर तो खाडा नाही, तो उपचार आहे, आणि ॲपमध्ये तसं लिहिता येतं ही फार मोठी सोय आहे. दुसरी, न नोंदवलेल्या दिवशी प्रश्नचिन्ह दाखवणं. ‘केलं नाही’ आणि ‘लिहायचं राहिलं’ या दोन गोष्टी मला पेशंटशी बोलताना वेगळ्या कळायला हव्या असतात. तिसरी, दिवस मध्यरात्रीऐवजी पहाटे तीनला बदलायची सोय. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी, आणि तान्ह्या बाळाच्या आयांसाठी, ही वरदान आहे.

मूळ सेटिंगमध्ये टिक करायला रकान्यावर बोट दाबून धरावं लागतं. थरथरत्या हातांना हे जड जातं. एका स्पर्शात टिक होईल असा पर्याय सेटिंगमध्ये आहे, तो लगेच लावून घ्यावा. विजेटही आहेत, म्हणजे फोनच्या होम स्क्रीनवर ठेवायच्या लहान चौकटी, त्या ठेवल्या की ॲप उघडावंच लागत नाही.

किती वेळा करायचं हा रकाना मात्र विचार करून भरावा लागतो. ‘रोज’ लिहिलं आणि प्रत्यक्षात एक दिवसाआड केलं, तर आकडा ५० च्या आसपास येऊन तिथेच घुटमळत राहतो. माणूस बिचारा ठरलेलं सगळं करत असतो आणि ॲप त्याला कायम अर्धवट म्हणत असतं. वजनं घेऊन करायचे व्यायाम आठवड्यातून तीन वेळाच असतील तर तसंच लिहावं. आठवड्यातून तीनदा झालं की मधल्या दिवसांवर ॲप स्वतःच फिकट टिक देतं आणि वर्तुळ पूर्ण भरू शकतं. विश्रांतीचा दिवस हा कामाचाच भाग आहे हे त्या फिकट टिकेने जितकं नीट कळतं तितकं माझ्या समजावण्याने कळत नाही.

आकड्यात मोजायच्या सवयींबद्दल माझं मत मिश्र आहे. उद्दिष्ट वीस मिनिटं चालण्याचं आणि चाललात दहा, तर ॲप अर्धं श्रेय देतं, पूर्ण शून्य देत नाही. हे न्याय्य आहे. पण सुरुवातीच्या महिन्यात मी कुणालाही हा प्रकार देत नाही. आकडा आला की कालच्या आकड्याशी तुलना आली, आणि दुखणाऱ्या सांध्याशी स्पर्धा लावणं धोक्याचं आहे. काल बारा मिनिटं झाली म्हणून आज चौदा, उद्या सोळा, आणि चौथ्या दिवशी गुडघा सुजलेला. आधी होय-नाही, घडी बसली की आकडे.

या ॲपमध्ये बक्षिसं नाहीत. नाणी नाहीत, पदकं नाहीत, वाढणारं झाड नाही, ओळखीच्यांच्या यादीत तुमचा क्रमांक नाही. काही तरुण पेशंटना ते रूक्ष वाटतं. मला हीच त्याची सभ्यता वाटते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा बालवाडीतल्या मुलांवरचा प्रयोग आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना आधी सांगून चित्रांसाठी प्रशस्तिपत्र दिलं. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुलं इतर मुलांपेक्षा निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक, न सांगता प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांच्या बाबतीत असं झालं नाही. आधीपासून आवडणाऱ्या गोष्टीबद्दलचा हा निष्कर्ष आहे, मांडी आवळण्याचा व्यायाम कुणाला मुळात आवडत नसतो, त्यामुळे तो जसाच्या तसा लावू नये. तरी जेव्हा पेशंट मला नाण्यांचा आकडा सांगतो आणि जिना चढला हे सांगायला विसरतो, तेव्हा काहीतरी उलटं झालं आहे असं मला वाटतं. लूपवाले पेशंट जिन्याबद्दल बोलतात.

आठवण करून देण्याची सोय ठीकठाक आहे. वेळ लावता येते, आठवण आली की तिथूनच उत्तर देता येतं. पण आठवण घड्याळाची असते, आणि आयुष्य घड्याळाप्रमाणे चालत नाही. ठरलेल्या वेळेला तुम्ही बसमध्ये असता, आठवण सरकवून टाकता, आणि काही आठवड्यांत ती दिसेनाशी होते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा स्वरूपात बेत आखण्यावर बरंच काम केलं आहे, आणि नुसत्या ‘करीन’पेक्षा असा बेत जास्त पार पडतो हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून मी सवयीच्या नावातच तो प्रसंग लिहायला लावते: ‘दात घासले की खांद्याचे झोके’, ‘चष्मा काढून ठेवला की दहा वेळा गुडघा दाबणं’. ॲपमध्ये यासाठी वेगळी जागा नाही, पण नावाची जागा लांबलचक आहे, ती वापरावी. मी स्वतः शोधनिबंधाचं रोज एक पान वाचते, त्याचं नाव ‘शेवटचा पेशंट गेला की एक पान’ असं आहे. आठवणीची वेळ लावलेलीच नाही.

सवयी किती टाकाव्यात यावर ॲपचं बंधन नाही. मी दोनच्या वर जाऊ देत नाही, पहिले दोन महिने तरी. लांब यादी पहिल्या दिवशी छान दिसते, पण थकलेल्या संध्याकाळी ती बघून माणूस फोनच बाजूला ठेवतो.

घरच्यांबद्दलही थोडं लिहायला हवं. मुलगा दूर राहतो, त्याला वडिलांची टिक आपल्या फोनवर बघायची असते. लूपमध्ये ते होत नाही, नोंदी फोनच्या बाहेर जात नाहीत. हा तोटा आहे, कारण काही लोकांना कुणीतरी बघतंय याचा खरोखर आधार होतो. ज्यांना तो हवा त्यांनी रोज संध्याकाळी मुलाला फोन करून सांगावं, ते ॲपपेक्षा चांगलंच होईल. पण आपल्या आजाराची नोंद कुठल्या कंपनीकडे जात नाही याचा बऱ्याच पेशंटना दिलासा वाटतो, विशेषतः ज्यांनी आपलं दुखणं कामाच्या ठिकाणी सांगितलेलं नसतं त्यांना. दोन्हींत निवड करायची झाली तर मी या बाजूला आहे.

न करताच केलेल्या खोट्या टिकचं काय, असं सहकारी विचारतात. करता येते, सहज. मला ती फारच कमी वेळा दिसली, आणि जेव्हा दिसली तेव्हा टिक फार मोठ्या कामाची ठेवली गेली होती. काम लहान केलं की खोटं बोलायचं कारणच उरत नाही, दहा वेळा गुडघा दाबायला खोटी टिक करण्याइतकाच वेळ लागतो.

ॲप कधी बंद करायचं हेही ठरलेलं असावं. माझी खूण अशी: फोन घरी विसरून दोन दिवस बाहेर राहिलात आणि तरी दात घासल्यावर हात आपोआप झोके घ्यायला लागला, की ती सवय यादीतून काढायची. लूपमध्ये ती पुसायची गरज नाही. ‘आर्काइव्ह’ केलं की ती समोरून जाते, नोंदी राहतात, आणि पुढे कधी दुखणं उलटलं तर तिथून परत आणता येते. मोकळ्या झालेल्या जागी पुढची लहान गोष्ट टाकता येते.

फोन बदलणार असाल तर त्याआधी सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण बॅकअपची फाईल काढा आणि ती ई-मेलने स्वतःला पाठवून ठेवा. नव्या फोनवर तीच फाईल आत घेतली की सगळं जसंच्या तसं येतं. नोंदी दुसरीकडे कुठेच साठवलेल्या नसतात, त्यामुळे फोन हरवला आणि बॅकअप नसला तर नोंदी गेल्या. मी पेशंटना गुडघ्याचा कोन मोजायच्या दिवशीच हे काम माझ्यासमोर करायला लावते.